मान वर करायची नाही

सकाळी नऊ वाजता इना गिलहूलीला एका शिकल्यासवरलेल्या बाईने सांगितलं, की तुम्ही पुरेशा गरीब दिसत नाही.

बाईचं नाव फ्लोरा. सिनेमावाल्यांच्या लटांबरात माणसं हाकायचं काम तिच्याकडे होतं. कानात यंत्र, हातात कागदांची चळत आणि चेहऱ्यावर असं हसू, की शिवी द्यावी तर आपलीच जीभ लाजावी. "मिसेस गिलहूली, तुमचा कोट फारच नेटका आहे हो," ती म्हणाली आणि तिने एक कोपरावर फाटलेला, मळकट कोट पुढे केला. "हा घालाल का?"

इनाने कोट उलटा करून बघितला. "हा मुद्दाम फाडलाय."

"हो, आमच्या कपडेपटवाल्यांनी."

"उसवता येत नाही त्यांना. आण इकडे, मी धड उसवून देते."

एरवी असं कोणी बोललं असतं तर इनाने त्या बाईची बिनपाण्याने केली असती. अठ्ठावन्न वर्षांचं आयुष्य क्रेगलॉक वस्तीत काढलं होतं तिने, तोंड चालवायला शिकवणीची गरज नव्हती. पण आज ती शेळीसारखी गरीब होऊन कोट घालून उभी राहिली. आज तिला त्या पटांगणात, त्या कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी, काहीही करून उभं राहायचं होतं. त्यासाठी तिने गोणपाटसुद्धा गुंडाळून घेतलं असतं. कारण अकरा वाजता सार्जंट उडणार होता.

सिनेमा विनोदी आहे, असं सगळे म्हणत होते. सहा दिवस चित्रीकरण चाललं होतं, पण हसताना कोणी दिसलं नव्हतं. वस्तीतल्या निम्म्या इमारती पाडायला काढलेल्या, खिडक्यांना पत्रे ठोकलेले. ते बघून दिग्दर्शक बार्नबीच्या डोळ्यांत म्हणे पाणी आलं होतं. तिथे राहणाऱ्यांच्या डोळ्यांतही वीस वर्षं पाणी यायचं, पण ते भिंतींच्या ओलीमुळे.

आता कबुतरांचं सांगायलाच हवं. पटांगणाच्या पलीकडे, कालव्याकाठच्या मोकळ्या जागेत, दोन ढाबळी समोरासमोर उभ्या होत्या. भंगारातल्या पत्र्यांच्या, दोन मजले उंच, वाऱ्याने किंचित कलंडलेल्या. काळी ढाबळ इनाच्या नवऱ्याची, मल्कीची. हिरवी चिक लाफर्टीची. एकोणतीस वर्षं या दोन पुरुषांनी मन लावून एकच उद्योग केला. आपली मादी दाखवून दुसऱ्याचा नर फितवायचा, नाहीतर आपला नर सोडून दुसऱ्याची मादी पळवून आणायची. पाखरू आपल्या फळीवर उतरलं की दोरी खेचायची, वरून जाळीची चौकट पडते, पाखरू आपलं. कायमचं. यात चोरी नाही आणि भांडणही नाही. गेलेलं पाखरू परत मागायचं नाही, हा एक नियम. पकडलेलं पाखरू परत द्यायचं नाही, हा दुसरा; कारण परत देणं म्हणजे 'तुला जमत नाही रे बाबा, घे' असं तोंडावर सांगणं. पोलिसांचे, कोर्टाचे, चर्चचे सगळे नियम या वस्तीने कधी ना कधी मोडले होते. हे दोन कोणी मोडले नव्हते.

मल्की फेब्रुवारीत गेला. दफनाच्या वेळी पेटी खाली सोडायला आठ जणांच्या हाती दोर दिले, त्यातला चौथा दोर चिकने धरला. मग हॉलवर सगळे मयताचा स्टेक पाय, म्हणजे कणकेचं झाकण घालून भाजलेला मांसाचा रस्सा, खायला बसले. चिकने दोनदा वाढून घेतला. इना मधूनच उठली, काळ्या कपड्यांत तशीच ढाबळीपाशी गेली आणि तिने सगळी दारं उघडून टाकली. "जा! चालते व्हा!" ती ओरडली. "नवरा तुम्हीच वापरलात ना जन्मभर? आता बसा उंडारत!" सोळा कबुतरं उडाली. पंधरा संध्याकाळपर्यंत परत आली. माणसाचा राग पाखरांना कुठला कळायला! सोळावा सार्जंट. तो चिकच्या फळीवर उतरला, आणि चिकने मिशीला लागलेला रस्सा पुसायच्या आत दोरी खेचली.

सार्जंट म्हणजे मल्कीचा जीव की प्राण. निळसर राखाडी, छाती फुगवून पहारा देत असल्यासारखा चालणारा गळाफुग्या नर. पिल्लू असताना मल्कीने त्याला बनियनच्या आत ठेवून ऊब दिली होती. इनाला तेव्हा त्या बनियनची शिसारी आली होती. आता मल्कीचं जितंजागतं, हाताला उष्ण लागणारं असं जगात एवढंच उरलं होतं, आणि ते चिक लाफर्टीच्या हिरव्या पत्र्याआड बसलं होतं. तिने स्वतःच्या हाताने दार उघडून घालवलं होतं. हे तिला जास्त झोंबत होतं.

तेव्हापासून इना कबुतरं शिकायला लागली. कोणती मादी कधी घुमते, कोणत्या वाऱ्यात नर खाली येतो, दोरी किती ढिली ठेवायची, सगळं. शिट्टी तेवढी जमली नाही, नुसती हवा यायची. दहा आठवड्यांत तिने चिकचे दोन नर पकडले. पण सार्जंट हाती लागेना, कारण चिक त्याला बाहेर सोडतच नव्हता. जे पाखरू उडतच नाही, ते फितवणार कसं?

आणि मग सोमवारी शेजारची नेट्टी धापा टाकत तिच्या स्वयंपाकघरात येऊन कोसळली. नेट्टीची फुफ्फुसं चाळीस वर्षांच्या सिगारेटींनी कामातून गेली होती. ती पळाली म्हणजे बातमी तशीच असणार.

"इना, सिनेमात कबुतर लागतंय. शेवटच्या दृश्यात. तो हिरो चौथ्या मजल्यावरून सोडणार. स्वातंत्र्य की काय म्हणतात ते."

"मग?"

"चिक देतोय. कुठलं सांगू?"

इनाच्या हातातली किटली ओट्यावर आपटली. "सार्जंट?"

"सार्जंट! शनिवारी अकरा वाजता. आणि बाई, खाली पटांगणात त्यांना कपडे वाळत घालणारी म्हातारी हवीय."

"म्हातारी कोणाला म्हणतेस गं?"

"मी नाही, सिनेमावाल्यांचा कागद म्हणतोय."

त्याच दिवशी इनाने मर्टलला वेगळं केलं. मर्टल तिची सगळ्यात लाघवी मादी, पांढरीशुभ्र, डोळ्यांभोवती लाल कडा. पाच दिवस तिला नराचं तोंड दिसू दिलं नाही. शनिवारपर्यंत मर्टल अशी घुमत होती की पत्रा थरथरत होता.

उरला प्रश्न दोरीचा. जाळीची दोरी ओढायला ढाबळीपाशी असावं लागतं, आणि इनाला तर चाळीस पावलांवर, कॅमेऱ्यासमोर, ओल्या चादरी घेऊन उभं राहायचं होतं. पण सामानवाल्या पोरांनीच शुक्रवारी तिला विचारलं, "मावशी, कपड्यांची दोरी कुठून कुठे बांधू?" असा प्रश्न देवसुद्धा रोज विचारत नाही. "त्या काळ्या पत्र्यापासून बांधा," मावशी म्हणाली. संध्याकाळी तिने जाळीची दोरी त्याच दोरीला जोडली, चिमटे लावून झाकली आणि लांब उभं राहून बघितलं. काही दिसत नव्हतं. चादरींची दोरी जोरात खेचली की चौकट पडणार. चादरीही पडणार, पण चादरी तिच्या नव्हत्या.

फ्लोराने शनिवारी सकाळी येऊन दोन्ही ढाबळींच्या दारांची कुलपं ओढून बघितली. "कुठलंही दुसरं पाखरू दृश्यात यायला नको हं, मिसेस गिलहूली." इनाने मान डोलावली. छपराला झडप असते हे फ्लोराला माहीत नव्हतं, आणि तिने विचारलंही नव्हतं.

दहा वाजता तालीम सुरू झाली आणि तिथेच घोळ झाला.

बार्नबी पटांगणाच्या मधोमध येऊन उभा राहिला. उंच, किडकिडीत, गळ्यात तीन मफलर. भोवती वस्तीतले चाळीसेक जण होते: बाकावर बसलेले, गाडा ढकलणारे, भिंतीला टेकलेले, सगळ्यांना दिवसाची मजुरी. "मित्रांनो," तो हळव्या आवाजात म्हणाला, "आपला नायक पक्षी सोडतो. पक्षी तुमच्या डोक्यावरून जातो. पण तुम्हाला तो दिसत नाही. कारण तुमच्या आयुष्याने तुम्हाला इतकं दडपलंय, की तुम्ही आकाशाकडे बघणंच विसरलात. कोणीही मान वर करायची नाही. हाच या सिनेमाचा अर्थ आहे."



"कबुतर डोक्यावरून जाणार," बाकावरचा एक म्हातारा हळूच म्हणाला, "आणि आपण बघायचं नाही?"

"कोणाचं आहे ते तरी बघायला नको?" दुसरा म्हणाला.

फ्लोरा एका लांब काठीला पांढरा मोजा बांधून पटांगणातून पळत गेली. चाळीसच्या चाळीस माना वर. नेट्टी तर "अगं डावीकडे झुकतोय!" असं ओरडलीसुद्धा. बार्नबीने डोळे मिटून घेतले. पुन्हा मोजा. पुन्हा माना. तिसऱ्यांदा फक्त गाडेवाल्याने मान खाली ठेवली, आणि त्याला नंतर सगळ्यांनी विचारलं, बरं नाही का रे तुला.

"अहो, हा मोजा आहे!" बार्नबी कळवळून म्हणाला.

"म्हणूनच नीट बघतोय," नेट्टी म्हणाली. "मोजा उडालेला कधी पाहिला नव्हता."

जन्मभर या लोकांनी आणखी केलं काय होतं? इथे माणूस कोरा चहा ढवळतानाही एक डोळा वर ठेवतो. सासरी जाणारी मुलगी गाडीत बसता बसता छपराकडे बघते, कोणाची मादी बाहेर आहे म्हणून. आणि हा तीन मफलरांचा माणूस लांबून येऊन त्यांना सांगत होता, की तुम्ही आकाश विसरलात. इनाला हसूही आलं आणि संतापही. पण तिने मान खाली घालून चिमटे मोजले.

पावणेअकराला चिक लाफर्टी आला. हातात वेताची टोपली, अंगात लग्नातला सूट; आज तो सिनेमातला कबुतरतज्ज्ञ होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून तो बदकासारखा डुलत चालायचा. इनाच्या दोरीपाशी तो थांबला. टोपलीच्या फटीतून तिला एक तांबूस डोळा दिसला.

"कोट छान आहे," चिक म्हणाला.

"सूट छान आहे. कोण मेलं?"

"अजून कोणी नाही." त्याने दोरीकडे बघितलं, चिमट्यांकडे बघितलं, काळ्या पत्र्यापर्यंत नजर नेली आणि परत आणली. "चिमटे बरेच लावलेस," तो म्हणाला आणि डुलत डुलत पुढे गेला.

कळलं त्याला! गेली सगळी मेहनत! आता जाऊन फ्लोराच्या कानाला लागणार, या खात्रीने इना त्याच्या पाठीकडे बघत राहिली. पण त्याने टोपली हिरोकडे वर पाठवली, दिग्दर्शकाशेजारच्या खुर्चीत बसला आणि कोणीतरी दिलेली बशीतली सॅलडची हिरवी पानं नाकाशी धरून हुंगू लागला.

ऊन पडलं. एप्रिलचं, काचेसारखं स्वच्छ. वारा कालव्याकडून, बेताचा. मल्की म्हणाला असता, आजचा वारा ऑर्डर देऊन मागवलाय. इनाने कपड्यांनी भरत आलेल्या दोरीवर आणखी एक चादर टाकली. छपराच्या उघड्या झडपेतून मर्टलचं घुमणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"सगळे तयार! माना खाली! आणि... चालू!"

वर, चौथ्या मजल्यावर, हिरोने हात उघडले. पंखांचा फडफडाट इनाने ऐकला. तिने मान वर केली नाही. दात आवळले, चादरीची घडी सोडली, चिमटा लावला. कॅमेरा तिच्यावरच होता. आत्ता मान वर केली तर बार्नबी ओरडणार, सगळं थांबणार, पाखरू बिथरून चिकच्या ढाबळीत जाणार आणि पुन्हा कधी बाहेर येणार नाही.

आणि मग तिला दिसलं. समोरच्या पांढऱ्या ओल्या चादरीवर, उन्हात, एक सावली सरकली. रुंद पंख, फुगलेली छाती. सार्जंट! मान खाली ठेवूनच ती बघत होती, सिनेमा बघावा तसा. सावली डावीकडून उजवीकडे गेली, लहान झाली. हिरव्या ढाबळीकडे. गेला, गेला, गेला की! इनाने दुसरी चादर उचलली, हात थरथरत होते. मग टाळी वाजल्यासारखा आवाज आला. मर्टल! झडपेतून बाहेर पडून ती पंख वाजवत उठली होती. चादरीवर आता दोन सावल्या आल्या, एक लहान, एक मोठी. मोठी लहानीभोवती फिरली. एक घिरटी. दुसरी. पटांगणात चाळीस माणसं श्वास रोखून जमिनीकडे बघत होती, आणि प्रत्येकाचे कान वर टवकारलेले होते. सगळ्यांना कळत होतं काय चाललंय. सिनेमावाल्यांना सोडून सगळ्यांना.

"सुंदर," बार्नबी पुटपुटला. "तिचे हात बघा. किती दडपण आहे त्या हातांत."

सावल्या चादरीच्या कडेवरून घसरल्या आणि नाहीशा झाल्या.

आता? उतरला की उडून गेला? फळीवर आहे की छपरावर? दोरी लवकर खेचली तर जाळी रिकाम्या फळीवर पडणार, उशिरा खेचली तर तो पुन्हा उडणार. चादरीवर नुसतं ऊन होतं. इनाला राहवलं नाही.

तिने मान वर केली.

तिच्याबरोबर चाळीस माना वर झाल्या. नेट्टीची, गाडेवाल्याची, बाकावरच्या म्हाताऱ्यांची. काळ्या ढाबळीच्या फळीवर मर्टल झुलत होती आणि तिच्या मागे छाती फुगवून, मान ताठ करून, शेपटीचा झाडू करून, सार्जंट एक एक पाऊल टाकत होता. एक. दोन. दुसरा पाय अजून हवेत.

"आत्ता!" नेट्टी किंचाळली.

इनाने दोन्ही हातांनी दोरी धरली आणि सगळं अंग मागे झोकून दिलं. सहा चादरी, दोन उशांचे अभ्रे आणि सिनेमावाल्यांची एक फाटकी चड्डी चिखलात गेली. वर जाळीची चौकट धाडकन पडली. आणि क्रेगलॉकमध्ये असा आरडाओरडा उठला, की कालव्यातली बदकं उडाली.

ती धावली. फाटका कोट सावरत शिडी चढली, जाळीखाली हात घातला आणि सार्जंटला धरून बाहेर काढलं. त्याचं काळीज तिच्या तळव्यात टकटक करत होतं. उष्ण होता तो. बनियनच्या आत ठेवावा इतका. इना त्याला छातीशी धरून शिडीवरच रडली, सगळ्यांसमोर, आणि तिला त्याची काडीची लाज वाटली नाही.

खाली यायची वाट बघत फ्लोरा उभी होती, हसू मावळलेलं. "मिसेस गिलहूली, तो पक्षी आम्हाला लगेच परत हवाय. दृश्य पुन्हा घ्यायचंय. ढग येतोय."

"हा माझा आहे."

"अहो, तो मिस्टर लाफर्टींचा आहे! मिस्टर लाफर्टी, सांगा ना यांना!"

चिकने बशी खाली ठेवली. "गेला," तो म्हणाला.

"कुठे गेला? त्यांच्या हातात तर आहे! मागून घ्या ना!"

"मागायचं नसतं, बाई." असं म्हणून त्याने टोपी काढली. "रीतसर पकडलाय तिने. सगळ्यांनी बघितलंय."

बार्नबीने कपाळाला हात लावला. "पण सगळ्यांनी बघायचंच नव्हतं!"

इना चिकसमोर उभी राहिली. दहा आठवडे तिने याला काय काय सुनवायचं ते पाठ केलं होतं. दोर धरलेला हात, रस्सा लागलेली मिशी, सगळं. तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच्या खुर्चीखालून आवाज आला. घुटर्र घूं. तिथे बिस्किटांचा पुठ्ठ्याचा खोका होता, वर पेन्सिलीने पाडलेली भोकं. इनाने वाकून झाकण उचललं. आत जीनी बसली होती, चिकची मादी, सार्जंटची दहा आठवड्यांची जोडीदारीण.

इना सरळ उभी राहिली. नराला घरी परत आणायचं तर त्याची मादी ढाबळीत ठेवावी लागते, हे आता तिलाही माहीत होतं. हे न करता नर सोडणं म्हणजे तो सोडून देणं.

"जीनी इथे कशी?"

"सर्दी झालीय तिला," चिक म्हणाला.

"कबुतराला सर्दी?"

"कालव्याची हवा बाधते."

"चिक."

"काय?" तो तिच्याकडे बघत नव्हता. हिरव्या पानांकडे बघत होता. "त्या दिवशी तू सगळी दारं उघडलीस. पलीकडच्या वस्तीतले तिघे कुंपणाशी टपून होते, मयताचं जेवायला म्हणून आलेले. त्यांच्या हाती लागला असता तर बाजारात विकला असता. मग मी पळालो. गुडघा तेव्हा नुकताच केलेला." त्याने नाक ओढलं. "पकडला म्हटल्यावर परत देता येतो का? आणि तू तर माझ्याकडे बघत पण नव्हतीस. मग म्हटलं, दोरी ओढायला शिकेल तेव्हा बघू. शिकलीस. जरा उशिरा खेचतेस, ते सोड."

आभार मानावेत तर नियम मोडतो. शिवी द्यावी तर आता कशाबद्दल? शेवटी इना म्हणाली, "उशिरा नाही खेचली. मोजून खेचली."

"बघितलं मी."

ढग इमारतीच्या टोकापर्यंत आला होता. बार्नबी गयावया करत होता, एकदाच, फक्त एकदाच. इनाने सार्जंटकडे बघितलं. आत्ता घरी जाता येत होतं. त्याला ढाबळीत घालून कुलूप लावायचं आणि तो म्हातारा होईपर्यंत दार उघडायचं नाही. कोणी नावं ठेवली नसती. पण मल्कीने याला एक दिवसही कोंडलं नव्हतं. चिकच्या तीन तीन माद्या छपरावर नाचत असतानाही तो सार्जंटला हवेत फेकायचा आणि पाखरू राहो की जावो, संध्याकाळी लाल नाक घेऊन हसत घरी यायचा. इना त्याला ठार वेडा म्हणायची. आज सावल्या बघताना तिच्या अंगात जी वीज खेळली, ती त्या वेड्याच्या अंगात रोज खेळत होती. एकोणतीस वर्षं, आणि तिने एकदाही सोबत येऊन बघितलं नव्हतं.

"सोडते," ती बार्नबीला म्हणाली. "पण इथून, माझ्या हाताने. तुमच्या हिरोला वर नुसते हात उघडू देत, जोडायचं ते तुमचं तुम्ही जोडा. आणि माना वर होणार. सगळ्यांच्या."

"पण मग अर्थ..."

"अर्थ घरी गेल्यावर लावा हो," नेट्टी म्हणाली. "ढग बघा आधी."

बार्नबीने ढगाकडे बघितलं, चाळीस चेहऱ्यांकडे बघितलं आणि एक मफलर सोडला. "बघा," तो म्हणाला. "हवं तिकडे बघा."

नेट्टीने चिखलाच्या चादरी दोरीवर टाकल्या. कोणीतरी धावत जाऊन जाळीची चौकट वर केली. मर्टल पुन्हा फळीवर येऊन बसली. इना दोरीपाशी गेली, आणि तेवढ्यात तिला दिसलं, की दिग्दर्शकाशेजारची खुर्ची रिकामी आहे. चिक लाफर्टी लग्नाचा सूट घालून, बिस्किटांचा खोका काखोटीला मारून, हिरव्या ढाबळीकडे पळत सुटला होता. बदकासारखाच, पण शर्यतीतल्या.

"काय रे!" इना सगळा आवाज काढून ओरडली. "सर्दी बरी झाली का तिची?"

"आत्ताच!" तिकडून आवाज आला. "औषधाचा गुण!" आणि हिरव्या छपरावर जीनी पंख झटकत बाहेर आली.

पटांगणात हशा पिकला, मग सगळे आपापल्या जागी उभे राहिले. इनाने सार्जंटला दोन्ही हातांत उंच धरलं. त्याचं काळीज टकटकत होतं, तिचंही. डाव्या मनगटाला जाळीच्या दोरीचा वेढा तिने आधीच घेतला होता.

"चालू!" बार्नबी ओरडला.

तिने त्याला वर फेकलं, आणि सगळ्या वस्तीबरोबर मान वर करून बघत राहिली.